जेट ली: पवित्रा, उडी आणि संकलकाची कात्री

कंदीलवाला

परवा रात्री चॅनेल बदलता बदलता 'लीथल वेपन ४' हाती लागला. अर्धाअधिक होऊन गेला होता. त्यात एके ठिकाणी मेल गिब्सन जेट लीवर पिस्तूल रोखतो आणि पापणी लवायच्या आत त्या पिस्तुलाचा वरचा भाग जेट लीच्या हातात असतो. बायको मोबाइलमधून डोकं न काढता म्हणाली, "काय झालं आत्ता?" म्हटलं, "तेच तर. गिब्सनलाही कळलेलं नाही."

मग झोप गेलीच. रात्री दोनपर्यंत जुने तुकडे बघत बसलो, त्याचं फलित म्हणजे हा धागा.

आमच्या पिढीला (मी सांगलीचा, दहावी २००२) जेट ली भेटला तो सीडी लायब्ररीत. दिवसाला दहा रुपये, वर अनामत. 'रोमिओ मस्ट डाय'च्या हिंदी सीडीवर इतके चरे होते की ऐन मारामारीत चित्राचे चौकोन चौकोन व्हायचे. आम्ही समजायचो, हा इतका वेगात मारतो की सीडीलाच झेपत नाही.

तर माणसाबद्दल. खरं नाव ली लिएनचिए. जन्म २६ एप्रिल १९६३, बीजिंग. दोन वर्षांचा असताना वडील गेले. पाच भावंडांत हा शेंडेफळ. आठव्या वर्षी उन्हाळ्याच्या सुट्टीत शाळेने पोरांना वेगवेगळ्या खेळांना वाटून टाकलं, याच्या वाट्याला वुशू, म्हणजे चिनी युद्धकलांचा क्रीडाप्रकार, आलं. ध्यास, स्वप्न वगैरे काही नाही, रांगेत जिथे उभा होता तिथे जे मिळालं ते. सुट्टी संपल्यावर ज्या मोजक्या पोरांना ठेवून घेतलं त्यांत हा होता. पुढे शिचाहायची क्रीडाशाळा, बीजिंगचा वुशू संघ आणि वू बिन नावाचे प्रशिक्षक. १९७५ ते १९७९ सलग पाच वर्षं राष्ट्रीय विजेता. पहिलं विजेतेपद मिळालं तेव्हा वय बारा, समोर घोडे झालेले गडी.

त्याच्या आधी, १९७४ साली, चीनने वुशूचा चमू अमेरिकेत पाठवला होता. व्हाइट हाउसच्या हिरवळीवर निक्सनसमोर प्रात्यक्षिक झालं. निक्सनने म्हणे विचारलं, मोठा झालास की माझा अंगरक्षक होशील का? अकरा वर्षांचं पोर म्हणालं, एका माणसाचं कशाला, मला माझ्या देशातल्या सगळ्यांचं रक्षण करायचंय. किस्सा तो स्वतःच सांगत आलाय, त्यामुळे थोडं तिखटमीठ गृहीत धरा.

आता माझा मुद्दा. जेट ली हा लढवय्या कधीच नव्हता. तो ज्या प्रकारात विजेता होता त्यात समोर प्रतिस्पर्धी नसतो. एकट्याने ठरलेली मांडणी करून दाखवायची आणि पंचांनी गुण द्यायचे. म्हणजे मारामारीच्या सिनेमाच्या या बादशहाने उमेदीची वर्षं कुणाला एक ठोसाही न लावता घालवली. आणि माझ्या मते तो पडद्यावर इतका देखणा दिसतो त्याचं कारण तेच आहे. त्याच्या वेगाचं कौतुक सगळे करतात. मला तो थांबतो ते आवडतं. लाथ सुटते, जिथे पोचायची तिथे पोचते आणि एक क्षण तिथेच राहते, भिंतीवर खुंटी ठोकावी तशी.

हे दिसायला कॅमेरा लांब हवा आणि कात्री म्यान हवी. हॉलिवूडने नेमकं उलटं केलं. बोला.

चकलीबहाद्दर

पॉपकॉर्न घेऊन बसलो.

खवट काका

म्हणजे नर्तक म्हणा की सरळ. आमच्या वेळी ब्रूस ली होता. तो दिसायचा तसाच मारायचाही. बाकी सगळी सर्कस.

पट्टेकरीण

खवट काका, नमस्कार. नर्तक म्हणालात म्हणून लिहायला बसले, नाहीतर मी वाचनमात्रच असते.

मी मूळ कोल्हापूरची. घरात मर्दानी खेळ, लहानपणी लाठी आणि पट्टा. नंतर पुण्यात नऊ वर्षं वुशू केलं, आता लहान मुलांना शिकवते. स्पर्धेच्या वुशूत दोन घरं. एक सांडा: समोरासमोर, हातमोजे घालून, ठोसा, लाथ, उचलून आपटणं सगळं. आपली मणिपूरची रोशिबिना देवी हांगझोऊच्या आशियाई खेळांत रुपेरी पदक घेऊन आली ती यात. दुसरं ताऊलू. चौदा बाय आठ मीटरचा गालिचा आणि त्यावर तुम्ही एकटे. हल्लीच्या नियमात लांब पल्ल्याच्या हाताची मांडणी किमान एक मिनिट वीस सेकंद चालावी लागते. ऐकायला किरकोळ वाटतं. चाळिसाव्या सेकंदाला फुप्फुसं तोंडात येतात, आणि सगळ्यात अवघड उड्या तेव्हाच असतात.

उतरल्यावर पाऊल अर्धा वीत सरकलं, गुण गेले. धनुष्य-पवित्र्यात पुढची मांडी जमिनीला समांतर नाही, गुण गेले. तलवार फिरवून थांबवताना पातं थरथरलं, गुण गेले. कंदीलवाला म्हणतात तो 'खुंटी ठोकलेला' क्षण म्हणजे तिथल्या पंचाला दाखवायचा पुरावा असतो: बघा, तोल माझ्या ताब्यात आहे. जेट लीच्या अंगात तो पंच कायमचा मुरलेला आहे. सिनेमात दहा जण अंगावर येत असतानाही तो उतरतो तेव्हा टाच सरकत नाही.

नाच म्हणा, हरकत नाही. पण मग दांडपट्ट्यालाही म्हणा. माझ्या आजोबांसमोर मात्र म्हणायचं नाही.

खवट काका

ताई, शस्त्रं खाली ठेवतो. आजोबांना नमस्कार सांगा.

बाराखडी

पट्टेकरीणताईंच्या प्रतिसादाला जोड. आज ज्याला वुशू म्हणतात ते बरंचसं सरकारने बसवलेलं आहे. १९४९ नंतर गावोगावच्या, घराण्याघराण्यांच्या पद्धती होत्या त्या गोळा करून, त्यांतलं गूढ आणि गुरुबाजी काढून, क्रीडाप्रकार म्हणून साच्यात घातल्या. म्हणून जेट लीमागे घराणं नाही, क्रीडाशाळा आहे. जॅकी चॅनशी तुलना करा म्हणजे फरक लक्षात येतो. तो हाँगकाँगच्या ऑपेरा शाळेतला. पडणं, आपटणं, तोंड वेडंवाकडं करणं हे सगळं त्याच्या शिक्षणातलंच. जेट लीला पडायला शिकवलेलंच नव्हतं. जॅकीला लागलं की आपल्याला लागतं. जेट लीला लागेल असं आपल्याला मुळात वाटतच नाही. २००८ साली 'द फॉरबिडन किंगडम'मध्ये दोघं पहिल्यांदा समोरासमोर आले, देवळातली ती मारामारी या दृष्टीने परत बघा. बाकी सिनेमा नाही बघितला तरी चालेल.

डॉनी येनही वू बिन यांच्याकडे बीजिंगला काही काळ शिकलेला. म्हणजे 'वन्स अपॉन अ टाइम इन चायना'च्या दुसऱ्या भागात (१९९२) ते दोघं भिडतात तेव्हा एकाच तालमीतले दोन गडी भिडताहेत.

सांजवेळ

त्या मारामारीत डॉनी येनचं हत्यार काय, तर ओलं कापड! पिळून पीळ भरलेलं, काठीसारखं ताठ होतं आणि चाबकासारखं वळतं. आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशी चादरी पिळायच्या तेव्हा मी लांब उभी राहायचे.

कंदीलवाला

वा, धागा रंगला. आता 'शाओलिन टेंपल'बद्दल लिहितो, कारण तिथे माझं म्हणणं सगळ्यात स्वच्छ दिसतं.

हाँगकाँगची कंपनी, चित्रीकरण मुख्य चीनमध्ये, प्रदर्शन १९८२. दिग्दर्शकाने नटांना कुंग फू शिकवण्यापेक्षा वुशूवाल्यांनाच अभिनयाला जुंपलं. जेट ली बीजिंगचा, यू हाय आणि यू चंगह्वेइ शांतुंगचे. म्हणजे पडद्यावरचे भिक्षू आणि खलनायक हे खरे तर वेगवेगळ्या प्रांतांचे खेळाडू. अभिनय यथातथाच. पण ऋतू बदलत जातात आणि अंगणात भिक्षू सराव करताहेत, तो भाग बघा. एक माणूस, एक हत्यार, कॅमेरा डोक्यापासून पायापर्यंत सगळं दाखवत गप्प उभा. काठी, भाला, तलवार. कुणी कुणाला मारत नाही, आणि सिनेमातला सगळ्यात थरारक भाग तोच.

चीनमध्ये तेव्हा तिकीट एक ज्याओ, म्हणजे युआनचा दहावा भाग. लोकांनी पुन्हा पुन्हा पाहिला. पोरं घरातून पळून शाओलिनला जायला निघाली. खरं शाओलिन तेव्हा ओसाड होतं. १९२८ साली एका लष्करशहाने जाळलेलं, पुढे सांस्कृतिक क्रांतीचा मार, मोजकेच म्हातारे भिक्षू उरलेले. आज तिथल्या डेंगफंग गावात कुंग फूच्या शाळांत हजारो मुलं आहेत. सिनेमाने देऊळ परत उभं केलं म्हटलं तर फार चूक नाही.

आणि जेट लीला काय मिळालं? त्याच्याच सांगण्यानुसार दिवसाला एक युआन. सरकारी संघाचा खेळाडू होता ना. 'जेट' हे नावही याच सिनेमाच्या वेळचं. फिलिपिन्समध्ये जाहिरात करणाऱ्यांना 'लिएनचिए' उच्चारता येईना, म्हणून विमानावरून नाव ठेवून मोकळे झाले.

चकलीबहाद्दर

लिएनचिए मलाही येत नाही. 'जेट'वाल्यांचे आभार.

रद्दीवाला

माझा आवडता 'वन्स अपॉन अ टाइम इन चायना'चा पहिला भाग, १९९१. दिग्दर्शक त्सुई हार्क. वाँग फेइ-हुंग म्हणजे फोशानचा खराखुरा वैद्य आणि कुंग फूचा गुरू. त्याच्यावर आधीच ढिगाने सिनेमे निघालेले होते, पण जेट लीने एक हात पाठीमागे, दुसरा तळवा वर करून पुढे, असा जो पवित्रा घेतला तो लोकांच्या डोक्यात कायमचा बसला.

पण कंदीलवाला, तुमच्या सिद्धांताला इथे खोडा घालतो. शेवटची शिड्यांवरची मारामारी आठवते? कोठारात बांबूच्या शिड्या, एक शिडी दुसरीवर तोललेली, दोघं त्यांवर झोके घेताहेत. चित्रीकरणात जेट लीच्या पायाला दुखापत झाली होती. त्या प्रसंगाचा बराच भाग शियुंग शिनशिन या डमीने केलाय. हाच माणूस तिसऱ्या भागात लंगड्या क्लबफूटच्या भूमिकेत उघड तोंडाने आला. पाठमोरे शॉट मोजा. वर तारा आहेतच. मग 'अंगात मुरलेला पंच' कुणाचा?

कंदीलवाला

झालं, आली का फांदी मध्ये. 😀

मान्य. शिड्या बघताना मी आयुष्यभर जेट लीला टाळ्या वाजवल्या आणि निम्म्या टाळ्या दुसऱ्याच्या होत्या. पण शियुंग शिनशिनही वुशूवालाच, म्हणजे पंच बदलला नाही, माणूस बदलला. (हा युक्तिवाद पातळ आहे, मलाही कळतंय.)

तारांचं म्हणाल तर त्या वाँग फेइ-हुंगला उचलतात. उतरायचं मात्र त्यालाच असतं.

रद्दीवाला

चालवून घेतो.

त्याच काळातली काळी बाजूही लिहून ठेवतो. हाँगकाँगच्या सिनेमात तेव्हा ट्रायड टोळ्यांचा भयंकर शिरकाव. नटांना धमकावून तारखा घ्यायच्या, रिळं पळवायची. जानेवारी १९९२ मध्ये सिनेमावाले या विरोधात रस्त्यावर उतरले होते. त्याच वर्षी एप्रिलमध्ये जेट लीच्या व्यवस्थापकाला, जिम चोयला, गोळ्या घालून मारलं. तिकडे निर्मिती कंपनीशी कराराचं भांडण चालूच. तिसऱ्या भागानंतर तो मालिकेतून बाहेर पडला, चौथ्या-पाचव्यात दुसराच नट आहे. मुंबईच्या सिनेमाचं नव्वदचं दशक आठवतंय त्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको.

आणि याच गदारोळात, १९९२ ते ९४, त्याचे सगळ्यात चांगले सिनेमे आहेत. कसं जमलं देव जाणे.

बाराखडी

त्यांतला 'फिस्ट ऑफ लेजंड' (१९९४) हा माझ्या मते त्याचा सर्वोत्तम. मूळ कथा ब्रूस लीच्या १९७२च्या सिनेमाची: गुरू हुओ युआनच्याला विष घातलं, शिष्य चेन झेन सूड घेतो. नवीन सिनेमात चेन झेन जपानमध्ये शिकायला गेलेला आहे, त्याची प्रेयसी जपानी आहे, आणि शहाणपणाच्या चार गोष्टी त्याला सांगणारा म्हातारा योद्धाही जपानीच. खवट काका, ब्रूस लीच्या सिनेमात सगळे जपानी एकजात वाईट होते, कबूल करा.

त्या म्हाताऱ्याशी माळावर मारामारी होते. वाऱ्याने धूळ डोळ्यांत जाते म्हणून दोघं डोळ्यांवर पट्टी बांधतात आणि परत सुरू. यासुआकी कुराता हा नट स्वतः कराटेवाला. इथे तारा कमी, शॉट लांब, कात्री कमी. मारामारी बसवणारा युएन वू-पिंग. 'मॅट्रिक्स'वाल्यांनी हा सिनेमा पाहून त्याला हॉलिवूडला नेलं.

गंमत म्हणजे चेन झेन हे काल्पनिक पात्र, पण गुरू हुओ युआनच्या खरा, मृत्यू १९१०. जेट लीने १९९४ मध्ये शिष्य केला आणि २००६ मध्ये 'फिअरलेस'मध्ये खुद्द गुरू.

खवट काका

कबूल. सगळे जपानी वाईट होते आणि त्यांच्या मिशाही वाईट होत्या.

'फिअरलेस'वर गुरूच्या वंशजांनी दावा लावला होता, हेही लिहा. सिनेमात त्याच्या आईचा आणि मुलीचा खून दाखवलाय, प्रत्यक्षात तसं घडलंच नव्हतं. कोर्टात हरले बिचारे. ऐतिहासिक सिनेमा म्हटला की वंशज आणि कोर्ट, आपल्याकडेही काही कमी नाही.

सांजवेळ

मला 'हीरो' (२००२) विषयी बोलायचंय. पावसातला बुद्धिबळाचा वाडा, आंधळा वादक, आणि जेट ली नि डॉनी येन प्रत्यक्षात न हलता मनातल्या मनात लढताहेत. डोळ्यांचं पारणं फिटतं. पण शेवट? हुकूमशहाला मारायला गेलेला माणूस म्हणतो की देश एक व्हायचा असेल तर हा राहू दे. मी तेव्हा कॉलेजात होते, टाळ्या वाजवून बाहेर आले. मागच्या वर्षी परत पाहिला तेव्हा पोटात गोळा आला.

कंदीलवाला

सांजवेळ, पटलं. माझ्या आवडत्यांच्या यादीत तो आहे, पण शेवटची दहा मिनिटं मी बंद करतो. दिग्दर्शक झांग यिमोउच्या रंगांनी सगळ्यांचे डोळे दिपवले, अमेरिकेत दोन वर्षं डब्यात ठेवून २००४ मध्ये लावला तरी पहिल्या आठवड्यात पहिल्या क्रमांकावर. राजकारण कुणी विचारलं नाही.

हॉलिवूडचं माझं रडगाणं पुरं करतो. 'लीथल वेपन ४' मध्ये (१९९८) पहिल्यांदाच खलनायक, तोही जवळजवळ मुका. 'रोमिओ मस्ट डाय'मध्ये क्ष-किरणांत हाडं मोडताना दाखवली, कारण नुसत्या हातावर त्यांचा भरवसा नव्हता. त्यातल्या त्यात 'किस ऑफ द ड्रॅगन' (२००१) बरा. पॅरिसमध्ये पोलिसांच्या तालमीत चुकून शिरतो आणि खोलीभर काळे पट्टेवाले काठ्या घेऊन अंगावर येतात, तिथे निदान माणूस दिसतो.

'मॅट्रिक्स'च्या पुढच्या भागांना त्याने नकार दिला त्याचं कारण त्याने नंतर एका मुलाखतीत सांगितलं. त्यांना त्याच्या सगळ्या हालचाली संगणकात नोंदवून हव्या होत्या, आणि त्या नोंदींवर हक्क त्यांचा. म्हणजे आयुष्यभर अंगात मुरवलेलं एकदा उतरवून घेतलं की उद्या कोणाच्याही धडावर चिकटवायला मोकळे. लोक तेव्हा म्हणाले, काय वेडा आहे, एवढा सिनेमा सोडला. आता संगणकात हुबेहूब माणूस तयार होतोय, तेव्हा वेडा कोण ते बघा.

निळी छत्री

मारामारीतलं मला ओ की ठो कळत नाही, पण एक लिहिते. २६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीत तो मुलींना घेऊन मालदीवला होता. हॉटेलच्या आवारात पाणी गळ्यापर्यंत चढलं, पायाला जखम, कडेवर पोर. आजूबाजूच्या लोकांच्या मदतीने वाचले. पुढे २००७ साली त्याने वन फाउंडेशन काढलं. कल्पना साधी: प्रत्येक माणसाने महिन्याला एक युआन द्यायचा. २००८च्या सिचुआन भूकंपात या लोकांनी मोठं काम केलं. सुरुवातीला रेड क्रॉसच्या छत्राखाली, २०११ पासून शेनझेनमध्ये स्वतंत्र नोंदणी.

रद्दीवाला

म्हणजे दिवसाला एक युआनवर सुरू झालेला माणूस महिन्याला एक युआन मागायला लागला. वा!

खवट काका

आणि देशातल्या सगळ्यांचं रक्षण करणारा पोरगा २००९ साली सिंगापूरचा नागरिक झाला. मी फक्त नोंद करतोय.

चकलीबहाद्दर

काकांचा खवटपणा ऑलिंपिकला पाठवा.

२०१८ मध्ये एक फोटो फिरत होता ना, एकदम म्हातारा, केस गेलेले, वाकलेला? आमच्या ग्रुपवर 'आता शेवटचे दिवस' म्हणून आला होता, वर रडक्या इमोजी.

निळी छत्री

थायरॉइड. हायपर. २०१३ मध्ये त्याने स्वतः जाहीर केलं होतं. मलाही आहे म्हणून सांगते: नाडी पळते, हात थरथरतात, जिना चढला की छाती धडधडते. ज्याचं पातं थरथरलं तर गुण जायचे त्याला हा आजार व्हावा! शिवाय जुन्या दुखापती. पण शेवटचे दिवस वगैरे काही नाही, २०२० च्या 'मुलान'मध्ये सम्राट झालेला दिसला की.

पट्टेकरीण

निळी छत्री, ते पात्याचं वाचून जरा वेळ काही सुचेना.

निळी छत्री

काळजी घ्या सगळ्यांनी, वर्षातून एकदा रक्त तपासा. 🙂

विषय बदलते. पट्टेकरीणताई, माझा मुलगा दहा वर्षांचा. या धाग्यामुळे त्याला ते सरावाचे तुकडे दाखवले (कंदीलवाला, हे तुमच्या खात्यावर). आता सोफ्यावरून उड्या चालू आहेत. वुशू लावू का? सोफा किती दिवस टिकेल?

पट्टेकरीण

लावा. पण आधी त्याला सांगा की पहिले तीन महिने उडी नाही. घोडा-पवित्रा: पाय खांद्यांपेक्षा बरेच रुंद, मांड्या जमिनीला समांतर, पाठ सरळ, पार्श्वभाग बाहेर काढायचा नाही. अदृश्य स्टुलावर बसल्यासारखं. पहिल्या दिवशी पंधरा सेकंद झाले तरी खूप. मी शिकवते त्या वर्गातली निम्मी मुलं याच टप्प्यावर क्रिकेटला जातात. उरतात त्यांचा सोफ्याशी संबंध राहत नाही, घरी आल्यावर त्यावर झोपतात फक्त.

कंदीलवाला

मीही करून पाहिलं. अकरा सेकंद. बायकोने व्हिडिओ काढलाय, तो कुठेही येणार नाही याची व्यवस्था चालू आहे.

खवट काका

गुडघ्यांमुळे मला वैद्यकीय सूट आहे. 'फिस्ट ऑफ लेजंड' मात्र काल रात्री पाहिला. माळावरची मारामारी दोनदा. ब्रूस ली तो ब्रूस लीच, पण हाही चालेल.

निळी छत्री

ताजी बातमी: आज सकाळी दात घासताना घोडा-पवित्रा. बावन्न सेकंद. आरशात दिसेनासा झाला म्हणून उठला, नाहीतर अजून थांबला असता म्हणतोय.